दराच्या शेजारचा रिकामा रकाना

"मॅडम, तो लॉट मी पाठवत नाहीये." फोन उचलला आणि नमस्काराच्याही आधी पलीकडून हे वाक्य आलं. आमच्या बोल्टवाल्यांचा फोन होता. मी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघते आणि उच्च ताकदीचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बऱ्याच वर्षांपासून आम्ही त्यांच्याकडून घेतो. आवाज जागरणाचा होता, मागे कुठेतरी कॉम्प्रेसर धडधडत होता. रात्री वीज गेली होती. प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, होऊन निघालेला माल भट्टीत जायला नेमका किती उशीर झाला हे रात्रपाळीच्या माणसाला खात्रीने सांगता येत नव्हतं. नवा लॉट करून देतो, थोडा उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या, असं ते सांगत होते. त्या बोल्टांसाठी आमची असेंब्ली खोळंबून होती आणि माझ्या टेबलासमोर प्रॉडक्शनचा माणूस उभा होता. मी विचारलं, "पण माल तयार आहे ना? मापं बरोबर आहेत ना?" ते म्हणाले, "मापं बरोबर आहेत. दिसायलाही चांगला आहे. तुमच्या इन्स्पेक्शनमधून पाससुद्धा होईल. म्हणूनच पाठवत नाहीये."

पुढे काही आठवड्यांनी वार्षिक दर ठरवायची बैठक होती. असल्या बैठकीत मध्यभागी एक कागद असतो. सगळे त्याला कम्पॅरेटिव्ह म्हणतात. डावीकडून उजवीकडे पार्ट्यांची नावं, खाली मूळ दर, कर, वाहतूक, पेमेंटची मुदत, डिलिव्हरी, आणि अगदी तळाला शेऱ्याची एक अरुंद ओळ. कागद मीच तयार केला होता. बोल्टवाल्यांचा दर सगळ्यांत वर होता. सगळ्यांत खालचा दर एका नव्या पार्टीचा होता आणि दोघांतला फरक नजरेआड करण्याजोगा नव्हता. अकाउंट्सच्या सहकाऱ्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला, फरकाला वर्षभराच्या मालाने गुणलं आणि येणारा आकडा पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल काढला. एकदा गोल काढला की त्या आकड्याला वजन येतं. खोलीतले सगळे त्याच्याकडेच बघायला लागतात. मी मात्र तळाची शेऱ्याची ओळ बघत होते. तो फोन कुठे लिहायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याला रकानाच नव्हता.

बोल्टची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय त्या फोनचं मोल कळणार नाही. 12.9 ग्रेडचा बोल्ट म्हणजे फार कडक पोलाद. गंज लागू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा चढवतात. मुलाम्याआधी तो ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात, मग विजेच्या साहाय्याने जस्त बसवतात. या दोन्ही पायऱ्यांत हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. कडक पोलाद मात्र आतून ठिसूळ होतं. म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत बोल्ट सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात आणि कित्येक तास तापवतात, म्हणजे आत अडकलेला हायड्रोजन निघून जातो. या बेकिंगला वीज लागते, वेळ लागतो, भट्टी अडकून पडते. आणि ते केलं काय, न केलं काय, बोल्ट बाहेरून एकसारखाच दिसतो. तीच चकाकी, तेच आटे, गेजमध्ये तसाच बसतो. कडकपणा मोजला तरी आकडा तोच येतो. बोल्ट ताणून दिवस-दोन दिवस तसाच ठेवायची चाचणी आहे, पण ती मोजक्या नमुन्यांवर होते. बाकीचे बोल्ट घट्ट आवळले जातात, यंत्र गिऱ्हाइकाकडे जातं, आणि मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी, कुणी हातही लावलेला नसताना, बोल्टचं डोकं तुटून खाली पडतं. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या भागात 2013 च्या मार्चमध्ये ताण दिलेल्या 96 नांगर-सळ्यांपैकी (पुलाचे भाग जखडून धरणाऱ्या जाड पोलादी सळ्या) 32 सळ्या अवघ्या दोन आठवड्यांत तुटल्या. तिथेही दोष हायड्रोजनचाच निघाला. ते प्रकरण स्वस्त मालाचं होतं असं मी म्हणत नाही. तिथला मुलामा वेगळ्या पद्धतीचा होता, कारणंही गुंतागुंतीची होती. पण ते वाचलं तेव्हा मला आमच्या स्टोअरमधली बोल्टांची खोकी आठवली. उघड्या डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आपण रोज विकत घेतो आणि ती पुरवणाऱ्याच्या शब्दावर घेतो, हे त्या दिवशी फार स्पष्टपणे जाणवलं.

म्हणजे दर कशाचा दिला जातो? लोखंडाचा, मजुरीचा, जस्ताचा हिशेब मांडता येतो. भट्टीची वीजही मांडता येते. पण ज्या रात्री वीज गेली त्या रात्री मालकाने काय केलं, हे कुठल्या ओळीत बसवायचं? आणि विकणाऱ्याचा दर पाडत पाडत खाली आणला की तो आधी काय सोडून देतो? जे तपासलं जातं ते तो सोडत नाही, कारण ते सोडलं तर माल परत येईल. जे तपासलं जात नाही तेच आधी सुटतं. कमी दराच्या हव्यासाची मला खरी भीती इथे वाटते. माल वाईट निघाला तर निदान कळतं तरी. इथे चांगला दिसणारा माल घरात येतो आणि आपण समाधानाने चलनावर सही करतो.

नोकरीच्या सुरुवातीला मला काही महिने स्टोअरमध्ये इनवर्डच्या, म्हणजे आलेला माल उतरवून घ्यायच्या, टेबलावर बसवलं होतं. गंजरोधक तेलाचा जडसर वास, ओलसर पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापल्यावर होणारा टच्च आवाज, आणि दिवसभर धुळीने कोरडे पडलेले हात. तिथले स्टोअरकीपर काका खोकं उघडण्याआधी त्याच्याकडे बघून पार्टी ओळखायचे. गाठ कशी मारलीय, लेबल सरळ आहे की तिरकं, तळाचा पुठ्ठा दबलाय का, यावरून. त्यांच्या खिशात एक वही असायची. त्या वहीत दर नव्हते. कुणाचा माल मोजून घ्यावा लागतो आणि कुणाचा लागत नाही, कुणाच्या खोक्यात वरचा थर चांगला आणि खालचा भलताच असतो, कुणाला फोन केला तर स्वतः उचलतो आणि कोण पोराला उचलायला लावतो, असं काहीबाही त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. परचेसमधून कधी कुणी ती वही मागितली नाही. आमच्या परचेसच्या कम्पॅरेटिव्हमध्ये आकडे होते, त्यांच्या वहीत माणसं होती, आणि मधल्या जिन्याच्या पायऱ्या चढून ती माहिती वर कधी पोचायचीच नाही.

पुढे परचेसमध्ये आले आणि माझ्याही कामाचं मोजमाप एकाच शब्दात होऊ लागलं, बचत. मागच्या वर्षीचा दर वजा यंदाचा दर. या हिशेबात वाईट काही नाही, पैसा कुणाचाही असो, तो वाचवणं हे माझं कामच आहे. पण एकदा एका स्वस्तात घेतलेल्या ऑइल सीलचा (यंत्रातलं तेल बाहेर येऊ न देणारं कडं) माग काढायची वेळ आली. यंत्रांतून तेल गळत होतं. मी एकेका विभागात जाऊन विचारत गेले. खराब सील वेगळे काढायला लावलेली माणसं प्रॉडक्शनच्या ओव्हरटाइममध्ये सापडली. तातडीने मागवलेल्या दुसऱ्या मालाचं भाडं वाहतुकीच्या खर्चात होतं. गिऱ्हाइकाकडे पाठवलेल्या फिटरचा प्रवास आणि मुक्काम सर्व्हिसच्या खात्यावर होता. पुन्हा असं होऊ नये म्हणून जास्तीचा साठा ठेवायला सुरुवात झाली होती, त्यात अडकलेली रक्कम इन्व्हेंटरीत होती. आणि त्या गिऱ्हाइकाने पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली, ती तर कुठेच लिहिलेली नव्हती. बचत मात्र एका ठिकाणी, एका ओळीत, एका माणसाच्या नावावर ठळक अक्षरांत जमा होती. नुकसान सगळ्या इमारतीत विखुरलं होतं. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडं थोडं सोसलं होतं आणि कुणालाही पूर्ण बेरीज दिसत नव्हती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण सगळे सहज वापरतो. तिच्यात निदान कोंबडी आणि मसाला एकाच हिशेबात येतात. कंपनीत मसाल्याची बिलं निरनिराळ्या टेबलांवर जातात, म्हणून तिथे ही म्हण कुणाला सुचत नाही.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडलेलं आहे. 1992 मध्ये जनरल मोटर्स प्रचंड तोट्यात असताना होसे इग्नासियो लोपेझ यांच्याकडे तिथल्या जागतिक खरेदीची सूत्रं आली. त्यांनी चालू असलेले करार पुन्हा खुले केले, पुरवठादारांकडे मोठी दरकपात मागितली, पुन्हा पुन्हा कोटेशन मागवली. कागदावर बचत भरघोस दिसली आणि लोपेझ यांचं नाव झालं. 1993 मध्ये ते फोक्सवॅगनला गेले. मागे राहिला तो पुरवठादारांचा अविश्वास. नवी कल्पना सुचली तर ती आधी कुणाला दाखवायची, चांगले इंजिनिअर कुणाच्या कामावर लावायचे, टंचाईच्या दिवसांत माल आधी कुणाला द्यायचा, हे निर्णय विकणाऱ्याच्या हातात असतात आणि ते तो गाजावाजा न करता घेतो. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या मोटार-पुरवठादारांच्या पाहण्यांमध्ये संबंधांच्या बाबतीत टोयोटा आणि होंडा वरच्या क्रमांकावर असत आणि जनरल मोटर्स बरीच खाली. मला यात एका माणसाला दोषी ठरवायचं नाही. बुडत्या कंपनीला रोख पैसा हवा होता, हेही खरंच. पण एका वर्षात मिळवलेली बचत किती वर्षं फेडावी लागली याचा तक्ता कुणी कधी मांडला असेल का, असं मनात येत राहतं.

कमी दराविषयी मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते तेलाच्या धंद्यातल्या एका निरीक्षणाने. 1971 मध्ये अटलांटिक रिचफिल्ड कंपनीच्या केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी एक लेख लिहिला. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांत जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा इतका कमी नफा का होतो, हा त्यांचा प्रश्न होता. जमिनीखाली किती तेल आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, प्रत्येकजण अंदाज बांधतो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. आणि लिलाव जिंकतो तो बहुधा सगळ्यांत जास्त चुकलेला, ज्याला वास्तवापेक्षा खूप जास्त तेल दिसलं तो. याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. निविदेत हे चित्र फक्त उलटं होतं. पाच जणांनी एकाच कामाचा खर्च अंदाजला, तर सगळ्यांत कमी दर त्याचा असण्याची शक्यता मोठी, ज्याच्या हिशेबात काहीतरी राहून गेलंय. त्याने लबाडी केलेली नसते. त्याला ड्रॉइंग नीट कळलेलं नसतं, किंवा बेकिंगची ओळ त्याच्या नजरेतून सुटलेली असते. आपण मात्र त्या चुकीचं अभिनंदन करतो आणि तिच्यावर पर्चेस ऑर्डर काढतो. मग काम हातात आल्यावर त्याला खरा खर्च दिसतो. आता त्याच्यापुढे वाटा थोड्याच. तोटा सोसायचा, दर वाढवून मागायचा, नाहीतर न दिसणारं काहीतरी गाळायचं. पहिली वाट फार काळ कुणाला परवडत नाही.

तरीही कमी दराचा तिरस्कार मला करवत नाही. "दर्जा बघा, दर बघू नका" असं जोरात म्हणणाऱ्या काही माणसांबरोबर मी काम केलेलं आहे आणि त्यांचा दर्जा वर्षानुवर्षं एकाच ओळखीच्या दारात कसा सापडतो हेही बघितलं आहे. सगळ्यांत कमी निविदेला काम द्यायचं हा नियम अनेक ठिकाणी आला तो याच आजारावर उतारा म्हणून. आकडा कुणाचा लागेबांधा मानत नाही. नव्याने धंद्यात उतरलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या पोराला दार उघडून देणारी एकमेव गोष्ट पुष्कळदा त्याचा कमी दरच असते. आणि जुना विश्वासू पुरवठादार हळूहळू सुस्तावतो, हेही मी पाहिलंय. त्याला ठाऊक असतं की आपल्याला कुणी हलवत नाही. दरवर्षी दर थोडा वाढतो, डिलिव्हरी थोडी लांबते, जुनं यंत्र बदलायचं राहून जातं, आणि आपण त्याला नातं म्हणत राहतो.

म्हणून त्या बैठकीत मी एवढंच मागितलं की निर्णयाआधी नव्या पार्टीचं काम बघून येऊ दे. सहकारी म्हणाला, "अगं, बघून काय होणार? सॅम्पल पास झालेत ना?" सॅम्पल उत्तमच होते. सॅम्पल नेहमीच उत्तम असतात, ते मालक स्वतः उभा राहून करून घेतो.

मी दोन ठिकाणी गेले, कारण दुसऱ्या क्रमांकाचा दरही बराच कमी होता. सगळ्यांत कमी दरवाल्याच्या शेडमध्ये शिरताना मी मनात शंका घेऊनच शिरले होते. तिथे कोल्ड फोर्जिंगची, म्हणजे धातू न तापवता ठोकून आकार देणारी, नवी यंत्रं एका लयीत ठोके देत होती, वायर एका टोकाने आत जात होती आणि दुसऱ्या टोकाने बोल्ट पडत होते. भंगाराचा ढीग अगदी लहान होता. मालक तरुण होता, दर कमी का हे विचारल्यावर चिडला नाही. यंत्राचा वेग, भंगाराचं प्रमाण, रात्रपाळीतही यंत्र रिकामं ठेवत नसल्याचा हिशेब त्याने हाताने कागदावर मांडून दाखवला. बेकिंगची भट्टी गरम होती आणि तिच्या तापमानाचा आलेख आपोआप कागदावर उमटत होता. त्या दराला कारण होतं. दुसऱ्या ठिकाणी भट्टी होती, पण तिच्यावर रिकामी खोकी रचलेली होती. मी रजिस्टर मागितलं. पानंच्या पानं भरलेली, तारखा, वेळा, तापमान, सगळं काही. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच तिरकेपणाने, कित्येक आठवड्यांच्या तिन्ही पाळ्या. मी काही बोलले नाही, चहा घेतला आणि निघाले. कागदावर या दोघांचे दर जवळजवळ सारखे होते. कोटेशन बघून त्यांच्यातला फरक जगातल्या कुणालाही सांगता आला नसता.

कमी दर दिसला की आता मी आधी हेच विचारते, कमी का आहे? खर्च खरोखर कमी करणारा माणूस उत्तर द्यायला उत्सुक असतो, कारण ते त्याच्या कष्टाचं फळ आहे. ज्याने खर्च दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकललाय तो म्हणतो, "तुम्हाला दराशी मतलब ना?"

दुसऱ्या कुणाच्या अंगावर म्हणजे कुणाच्या, याचं सगळ्यांत भयंकर उत्तर 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये मिळालं. राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत जगभरातल्या ब्रँडांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतल्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. शिलाई कामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं गेलं. ऑर्डरी वेळेत जायला हव्या होत्या. इमारत कोसळली आणि 1,134 माणसं मेली. परवानगी नसताना चढवलेले मजले, निकृष्ट बांधकाम, मालकाची मुजोरी ही कारणं आहेतच. पण कुठल्या तरी दूरच्या वातानुकूलित खोलीत एका तक्त्यावर कुणीतरी एका शर्टच्या शिलाईचा दर शेजारच्या दराशी ताडून पाहिला होता. त्या तक्त्यात इमारतीला रकाना नव्हता. तो तक्ता करणारा माणूस माझ्यासारखाच असणार, सज्जन, घाईत असलेला, वरिष्ठांना बचत दाखवायची असलेला. हे मला दुरून वाचून सोडून देता येत नाही. त्यानंतर मे 2013 मध्ये झालेल्या सुरक्षा करारात, पुढे 200 हून जास्त कंपन्या ज्यात सामील झाल्या, एक कलम असं होतं की कारखान्याला सुरक्षित राहणं परवडेल अशाच व्यापारी अटी खरेदीदारांनी ठरवायच्या. दराचा आणि छताचा संबंध कायद्याने बांधील कागदावर लिहिला गेला. तो आधी कुणालाच ठाऊक नव्हता असं कसं म्हणायचं?

उलट बाजूचंही एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. फक्त दराच्या चिठ्ठीवर धंदा देणं थांबवा, एकूण खर्च कमी करा, एका वस्तूसाठी एका पुरवठादाराशी दीर्घकाळाचं नातं जोडा, असं अमेरिकन दर्जातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग सांगत. त्यांच्या प्रसिद्ध 14 मुद्द्यांतला हा चौथा. हा मुद्दा मला बरीच वर्षं अर्धाच पटायचा, कारण एकाच पुरवठादारावर विसंबणं म्हणजे संकटाला आमंत्रण, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. आणि ते खरंही ठरलं. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे जपानमधल्या कारिया इथल्या ऐसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह तिथे बनत असे, मुठीत मावेल एवढा, फार महाग नाही. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो तिथूनच जाई, आणि टोयोटाकडे साठा होता जेमतेम काही तासांचा. काही दिवसांत टोयोटाची बहुतेक असेंब्ली बंद पडली. इथवर वाचलं तर वाटतं, बघा, डेमिंग चुकले. पण पुढे जे झालं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. ऐसिनने ड्रॉइंगं वाटली. लहानमोठ्या सुमारे 200 कंपन्या मिळेल त्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह बनवायला लागल्या. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा होती, जिने मोटारीचा असा भाग आधी केलेला नव्हता. पैसे किती, कोण देणार, याची घासाघीस कुणी आधी केली नाही. आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. टोयोटाने नंतर पुरवठादारांना भरपाई दिली, पण मदतीला धावताना ती मिळणारच असं कुणी लिहून घेतलं नव्हतं. एकाच्याच भरवशावर राहिल्याने संकट आलं आणि वर्षानुवर्षं जोडलेल्या माणसांमुळे ते निवारलं गेलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मानाव्या लागतात आणि त्यांची वजाबाकी करून एक सोपं उत्तर काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही विकत घेणारी माणसं क्वचितच बोलतो. चांगला पुरवठादार हवा असेल तर चांगला गिऱ्हाईक व्हावं लागतं. ठरलेल्या मुदतीनंतर कितीतरी दिवस पेमेंट अडवायचं, ड्रॉइंग शेवटच्या क्षणी बदलायचं, चुकीचा अंदाज देऊन मालाचा ढीग त्याच्या गळ्यात मारायचा, आणि वर दर कमी कर म्हणायचं. तो बिचारा व्याज कुठून भरतो? ते त्याच्या दरात येतं, नाहीतर त्याच्या भट्टीतून जातं. आमच्या बोल्टवाल्यांना आम्ही पेमेंट वेळेवर देतो. त्यासाठी मी अकाउंट्सशी भांडते, आणि दरावरून अकाउंट्स माझ्याशी भांडतं. तो फोन करायचं धाडस त्यांना झालं त्यात या वेळेवरच्या पेमेंटचाही वाटा असावा असं मला वाटतं. पुढच्या बिलावर ज्याचं घर चालतं आणि ते बिल मिळेलच याची खात्री नाही, त्याला एक अख्खा लॉट स्वतःहून बाजूला ठेवायला सांगणं फार सोपं नाही.

बैठकीचा निर्णय असा झाला की मोठा वाटा जुन्यांकडेच ठेवायचा आणि लहान वाटा त्या तरुण मालकाला द्यायचा. दोघांकडचं बेकिंग आम्ही मधूनमधून न कळवता जाऊन बघतो. कम्पॅरेटिव्हमध्ये मी शेऱ्याची ओळ रुंद केली आहे. स्टोअर, इन्स्पेक्शन आणि सर्व्हिस या तिन्ही विभागांनी ती भरल्याशिवाय कागद बैठकीत जात नाही. सहकाऱ्याला ही पद्धत अजून पूर्ण मान्य नाही. त्याचं म्हणणं असं की शेऱ्यात आवडनिवड शिरते, आणि शेरा ऑडिटला दाखवता येत नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणून आता शेऱ्यासोबत तारीख आणि घटना लिहायची असं ठरवलं आहे. "माणूस चांगला" असं लिहायचं नाही. "अमुक तारखेला संशयास्पद लॉट स्वतः कळवून थांबवला" असं लिहायचं.

बोल्टवाले मागच्या महिन्यात दरवाढ मागायला आले होते. पोलादाचं कारण सांगत होते. मी त्यांना सरळ नाही म्हटलं आणि खर्चाची फोड मागितली. त्यांनी ती आणली, आम्ही दुपारभर बसलो, एकेका ओळीवर भांडलो. चांगल्या माणसाशी घासाघीस करू नये असं मला कधी वाटलेलं नाही. बेकिंगच्या ओळीला मी हात लावला नाही. पॅकिंगची ओळ मात्र मोठी वाटली. प्रत्येक खेपेला नवी खोकी, आत प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि आमच्याकडे ते सगळं भंगारात. परतीच्या पेट्या वापरल्या तर ती ओळ बरीच खाली येते असं दोघांनाही दिसलं. पेट्या कुणी घ्यायच्या यावर अडलं आहे. ते म्हणतात तुम्ही घ्या, मी म्हणते निम्मे-निम्मे. सोमवारी ते पुन्हा येणार आहेत.